बुधवारचा प्रार्थना विषय

नाव न्हवतं टाकलं, नाव न्हवतं टाकलं — तिसऱ्यांदा सांगताय पास्टर, ऐकू येतंय मला, कान धड हायेत माझे. बसा. न्हाई, आत न्हाई, हितंच ओट्यावर बसा, ती खुर्ची घ्या, तिचा एक पाय हलतो तेवढा सांभाळा. आत सोनम निजलीय. गोळी देऊन निजवलीय तिला. तुम्ही तिला भेटायला आलाय ते तुमच्या काखेतलं पवित्र शास्त्र दिसलं तवाच कळलं मला — पण भेट व्हायची न्हाई. मी सासू हाय तिची, ह्या घरात कोण कुणाला भेटणार ते आज मी ठरवणार. चहा? ठेवते की चहा — न्हाई, नको, न्हाई ठेवत. एकवीस वर्सं भगिनी मंडळ चालवते मी, दारात आलेल्या पाळकाला चहा दिल्याबिगर कवा बसवलं न्हाई. आज बसवते. राग आला तर येऊ द्या.

बरं, नाव न्हवतं टाकलं. मग काय टाकलं? थांबा, हाय माझ्या मोबाईलवर अजून, मंडळीच्या ग्रुपावरचं, चष्मा कुठं गेला — हां. बुधवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. 'आजचा प्रार्थना विषय. आपल्या मंडळीतील एका बहिणीचा संसार मोडण्यासाठी सैतान टपलेला आहे. सदर बहीण येत्या सोमवारी घर सोडून सणसवाडी येथे आपल्या बहिणीकडे जाण्याच्या विचारात आहे. प्रभूने तिचे मन वळवावे म्हणून सर्वांनी कळकळीने प्रार्थना करावी.' सदर बहीण! तलाठ्याचा कागद हाय का हा? अडतीस घरांची मंडळी आपली, अख्ख्या शिरुरात मोजून अडतीस घरं — त्यातल्या किती बायांची बहीण सणसवाडीला खोली करून राहती? सांगा की. एकीची. आमच्या सोनमची. अंकिता तिचं नाव, कंपनीत पॅकिंगला हाय, नाताळात आली व्हती तवा तुम्हीच तिला पुढं बोलावून गीत म्हणायला लावलंत, 'सणसवाडीहून आपली बहीण आलीय' म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या. आन् वर आता म्हणता नाव न्हवतं टाकलं. पत्ता टाकला, वार टाकला, नाव तेवढं राखलंत व्हय! आन् ग्रुपात कोण कोण हाय ते तरी बघायचं. पप्पू हाय त्यात. माझा पोरगा, तिचा नवरा. तुम्हीच घेतलाय त्याला, तरुण मंडळी जोडायची म्हणून.

मंगळवारी ती तुमच्याकडं काय सांगायला आली व्हती? नवरा मारतो हे सांगायला. दीड वर्सं झालं मारतोय. आधी शिफ्ट बदलली की मारायचा, मग भाजीत मीठ कमी म्हणून, मग काय बी न्हाई म्हणून. आता जाते म्हणाली. पहिल्यांदा मला म्हणाली, 'आत्या, मी अंकिताकडं जाते, तिनं कंपनीत बोलून ठेवलंय, सोमवारपासनं ये म्हणलेत, पप्पू फस्ट शिफ्टला गेला की निघते.' ह्याच ओट्यावर म्हणाली. जायला दुसरी जागा हाय का तिला? माहेर दौंडचं, बाप रेल्वेत व्हता, तो गेला, आई त्याच्या आधी गेली, क्वार्टर दुसऱ्याला मिळालं. एक बहीण राहिली. तेवढं एक दार उघडं व्हतं, पास्टर, आन् तुम्ही त्या दाराचा पत्ता अडतीस घरांत वाटलात.

न्हाई, मला बोलू द्या. तुम्ही रविवारी बोलता, आम्ही ऐकतो, दीड दीड तास ऐकतो. आज शुक्रवार हाय. दौंडला सहा दिवस जाऊन आलात ना, ते समुपदेशनाचं शिबिर करून? सर्टिफिकेट लॅमिनेट करून वेस्ट्रीत, तुमच्या त्या झगा घालायच्या खोलीत लावलंय, मी बघितलंय, आरशाच्या वर लावलंय. आल्या आल्या उपासनेत सांगितलंत, 'आता कुणी मनात कुढू नका, माझ्याकडं या, त्या खोलीतलं त्या खोलीतच राहील.' बायांनी डोळे पुसले तवा. मंडळातल्या साळूबाईनं तर मला कोपर मारलं — बघ, आता कुणीतरी ऐकणारं आलं. मग माणसानं सांगितलेलं पोटात ठेवायचं हे कितव्या दिवशी शिकवलं व्हतं? का ते सातव्या दिवशी व्हतं, आन् तुम्ही सहाव्यालाच गाडी धरलीत?

प्रार्थनेसाठीच टाकलं. व्हय, ठाव हाय मला, प्रार्थनेसाठीच. आपल्यात दुसरं काय असतं. चहाड्या कोण करतंय, आपण फक्त प्रार्थना विषय सांगतो! अमकीचा पोरगा दारू पितो — प्रार्थना करा. तमकीच्या सुनंला दिवस राहत न्हाईत — प्रार्थना करा, डॉक्टर काय म्हणाला ते बी सांगा, म्हंजी नेमकी प्रार्थना करता येती. मी सांगते तुम्हाला, मी एकवीस वर्सं केलंय हे. डोळे मिटायचे, पदर डोक्यावर घ्यायचा, आन् समद्या मंडळाला समद्यांच्या घरातलं कळवायचं. तुम्ही काय नवीन न्हाई केलं. तुम्ही फक्त मोबाईलवर केलं.

मारलं कसं ते विचारायला आलाय का? न्हाई ना? मग आता ऐकाच. बुधवारी मी हितं बसले व्हते, मेथी निवडत. पावणेचार वाजले आसतील. पप्पू आला, बूट काढले न्हाईत. रोज काढतो, त्या पायरीपाशी काढतो, कसा बी असला तरी बूट काढतो — त्या दिवशी तसाच आत. ती पीठ मळत व्हती. त्यानं मोबाईल तिच्या तोंडापुढं धरला, म्हणाला, 'सोमवारी कुठं निघालीस गं?' एवढंच ऐकलं मी. ती काय म्हणाली ते ऐकू आलं न्हाई. मग परात पडली. आन् मग परातीचा न्हवता असा आवाज आला. आन् मी — तुम्हाला सांगते मी काय केलं. मी गीत म्हणायला लागले.

असं बघू नका. गीत म्हणायला लागले म्हणते ना. मोठ्यानं. टाळी वाजवून. सवय हाय ती. पप्पूचा बाप जिता व्हता तवा, जवा हात उचलायचा ना माझ्यावर, तवा मार खाऊन झाला की मी तोंड धुवायची आन् गीत म्हणायची, खणखणीत, म्हंजी शेजाऱ्याला वाटावं काय सुखाचं घर हाय, दिवसाढवळ्या देवाचं नाव चाललंय. पुढं पुढं तर मार चालू असतानाच म्हणायची. आन् पोरगं कोपऱ्यात बसून ऐकायचं. ते पोरगं मोठं झालं, त्याची बायको आली, दीड वर्सं तिचा आवाज यायला लागला की मी हितं बसून गात व्हते. तुम्हाला वाटतं माझा आवाज चांगला हाय, म्हणून मला दर नाताळात पहिलं कडवं देता.

बुधवारी दुसरं कडवं निम्म्यात व्हतं, तवा भिंतीवरनं रखमाजी आबा वाकले. शेजारचे. ते पटकेवाले, बघितलं आसंल तुम्ही, पहिलं मेंढरं राखायचे, घोडनदीच्या कडंकडंनं फिरायचे, आता शेतीच बघतात. आपले न्हाईत ते, खंडोबाला जाणारे. ते म्हणाले, 'सुवर्णाबाई, गाणं बंद करा.' एवढंच. मी थांबले. तर म्हणतात, 'तीस वर्सं ऐकतोय मी. तुमचं गाणं सुरू झालं की आमची म्हातारी दार लावून घ्यायची, म्हणायची, बाईला आज लई लागलं आसंल.' म्हंजी ठाव व्हतं त्यांना! समद्या आळीला ठाव व्हतं! मी तीस वर्सं घसा फोडून गात व्हते आन् लोकं दारं लावून मोजत व्हते. आबा तसेच भिंत उतरून आत गेले, सत्तरीचा माणूस, पप्पूच्या दंडाला धरून बाहेर काढला. मेंढरू कळपातनं ओढतात तसा ओढला. मग रिक्षा त्यांनीच आणली, दवाखान्यात तेच आले, प्लॅस्टर होईस्तवर तेच बाकावर बसून राहिले. मंडळीतनं कोण आलं? चाळीस फोन आले. 'प्रार्थनेत हाय आम्ही.' राहा म्हणलं प्रार्थनेत.

डॉक्टरनं विचारलं, कसं लागलं. उजवा हात मनगटापाशी मोडलेला, भुवईवर तीन टाके — डॉक्टर काय खुळा हाय का? तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, मोरीत घसरली. मी म्हणलं, पास्टर, ती न्हाई. आबा बाकावरनं उठून बाहेर निघून गेले. लिहिलं डॉक्टरनं तसं, कागद हाय आत.

काय म्हणता? पप्पू रडतोय? कुठं, तुमच्याकडं? व्हय की, तुमच्याचकडं हाय म्हणा तो, बुधवारपासनं तुमच्या घरात जेवतोय, तुमच्या गादीवर झोपतोय. बायको मार खाल्लेली दवाखान्यात आन् मारणारा पाळकाच्या घरात. पश्चात्ताप झालाय म्हणता. गुडघे टेकून रडला. आवो, त्याचा बाप बी रडायचा! काय रडायचा! माझ्या पायावर डोकं ठेवून रडायचा, सकाळी स्वतः चहा करून द्यायचा. तुमच्या आधीचे, त्याच्या बी आधीचे पाळक — गेले ते, आता त्यांना कशाला नाव ठेवू — त्यांनी बी आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं, क्षमेचं वचन वाचलं, अधीन राहायचं वचन वाचलं, ते माझ्यासाठी वाचलं, हात हातात दिले. आन् रविवारी म्हणाले, 'सुवर्णाबाई, साक्ष द्या.' मी दिली. उभी राहिले, ब्लाउजची बाही खाली ओढली, आन् म्हणलं, प्रभूनं माझं घर सावरलं. बाया रडल्या. बाप्ये हालेलुया म्हणाले. पप्पू पुढच्या चटईवर बसला व्हता, आठ वर्सांचा. त्यानं माझी बाही बघितली. त्याला ठाव व्हतं बाहीखाली काय हाय. शुक्रवारचंच व्हतं ते. तिथं शिकला तो, पास्टर — बाईला मारलं तरी बाई रविवारी उभी राहून चांगलंच सांगती, हे तो मंडळीत शिकला. माझ्याकडनं शिकला. आन् त्या साक्षीवर मला भगिनी मंडळ मिळालं.

बाप्तिस्म्याला शमुवेल नाव ठेवलं व्हतं त्याचं. देवाकडं मागून घेतलेला पोरगा. पाच वर्सं मागितला व्हता. ते जाऊ द्या.

आन् तुम्ही आज काय घेऊन आलाय? तेच की! रविवारी दोघांना उभं करणार, तो माफी मागणार, ती माफ करणार, मग प्रभुभोजन. आन् पोलिसात जायचं न्हाई, मंडळीचं नाव खराब होतं, घरातलं भांडण घरात. घरातलं भांडण घरात! आन् ग्रुपावर टाकलं तवा ते कुणाच्या घरात व्हतं? लाज वाटली न्हाई तुला? माझ्या पोराच्या वयाचा तू, तोंडावर अजून दाढी धड न्हाई, आन् तू त्या पोरीला मंगळवारी विचारतोस, 'तुझ्याकडनं काय चुकलं ते आधी बघ' — सांगितलं मला तिनं, घरी येऊन सांगितलं, आन् तरी म्हणाली, 'पण आत्या, ऐकून घेतलं त्यांनी, बरं वाटलं.' बरं वाटलं म्हणाली ती! त्या रात्री दोन भाकरी खाल्ल्या तिनं, दीड वर्सात पहिल्यांदा. आन् तू सकाळी उठून —

तुम्ही. तुम्ही म्हणते. चुकलं, पाळक हाय तुम्ही.

काय? मी पाठवली? व्हय, मीच पाठवली तिला तुमच्याकडं. कुठनं कळलं? तिनं सांगितलं व्हय. सांगितलं आसंल, खोटं न्हाई बोलत ती. ती सरळ सोमवारी निघून जात व्हती, दुसऱ्या कुणाला न सांगता. मीच म्हणलं, 'एकदा पास्टरांशी बोल, मग जा, आशीर्वाद घेऊन जा.' आशीर्वाद! तुम्हाला वाटतं मी आशीर्वादासाठी पाठवली? मला ठाव व्हतं तुम्ही तिला काय सांगाल. पाळक काय सांगतात ते माझ्याइतकं कुणाला ठाव हाय. मला ती जायला नको व्हती. ती गेली असती तर मी आन् पप्पू, दोघंच राहिलो असतो ह्या घरात. मला भीती वाटत व्हती त्याची. माझ्या पोटच्या पोराची. झालं? ऐकलंत? आता हा बी टाका प्रार्थना विषय.

थांबा, उठू नका, अजून एक राहिलंय. तुम्ही सात वाजून दहा मिनिटांनी टाकलंत. त्याच्याखाली पहिला आमेन कुणाचा हाय? बघा. बघा मोबाईल काढून. सात बारा. सुवर्णाबाई, आमेन, दोन हात जोडलेले. तुम्ही म्हणाल सवयीनं दाबलं, रोज पहिला आमेन तिचाच असतो. मी बी दोन दिवस स्वतःला तेच सांगतेय. न्हाई. वाचलं व्हतं मी. चष्मा लावून वाचलं. सणसवाडी वाचलं, सोमवार वाचला, आन् पप्पू ग्रुपात हाय ते मला ठाव व्हतं. मला तुम्हाला फोन करता आला असता, की पुसून टाका ते. दोन मिनिटं व्हती. दोन मिनिटं मी मोबाईल हातात धरून बसले आन् मग आमेन टाकला. पप्पूनं कॅन्टीनमधी तेच दाखवलं म्हणे दोस्तांना — बघा, आईचा बी आमेन हाय. तिला मारताना बी तेच म्हणत व्हता, तिनंच सांगितलं. प्लॅस्टर ओलं व्हतं तवा तिनं मला विचारलं, 'आत्या, तुम्ही वाचलं व्हतं का हो?' रागानं न्हाई, साधं विचारलं. मी तिला उत्तर दिलं न्हाई. अजून दिलं न्हाई.

तुमच्यावर ओरडतेय मी मघापासनं. ओरडणारच. तुमचं चुकलं ते चुकलंच, त्यातलं तसूभर कमी करत न्हाई मी. पण तुमच्यानंतर दोन मिनिटांनी माझं चुकलं, आन् मी काय सहा दिवसांत शिकलेली न्हाई, मी मार खाऊन शिकलेली हाय.

आता ऐका कसं व्हणार ते. चार वाजता आबा रिक्षा घेऊन येणारेत. मी आन् सोनम पोलीस ठाण्यात जाणार. बाई हवालदारानं बोलावलंय. ती तिचा जबाब देईल, मी माझा देणार. मोरीत घसरली न्हाई म्हणून सांगणार, मी खोटं बोलले म्हणून सांगणार, दीड वर्सं बाहेर बसून गात व्हते ते बी सांगणार. पप्पूला सांगा, त्याची आई साक्ष द्यायला गेलीय. ह्या वेळची खरी हाय म्हणावं. पळून जायचं आसंल तर जाऊ द्या, पण तुमच्या घरातनं पळू नको म्हणा. आन् ती सोमवारी सणसवाडीला जाणार. सोमवारीच. अंकिताशी बोललेय मी, हात बरा होईस्तवर कंपनी थांबती का न्हाई ते बघू, न्हाई थांबली तर दुसरी बघू. उठली की मी तिला तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर देणार, ठाण्यात जायच्या आधी देणार. मग ती माझ्याशी बोलली न बोलली ते तिचं.

काय करताय? पास्टर — न्हाई. डोळे मिटू नका. हात खाली घ्या. ठाव हाय मला, पाळक घरी आला की प्रार्थना केल्याबिगर उठत न्हाई, माझ्याच घरात कितीदा झाली, मीच चटई टाकलीय तुमच्यासाठी. आज न्हाई. देवाशी माझं काय हाय ते मी बघीन, त्याच्यावर मी रुसले न्हाई. पण तुम्ही तोंड उघडलं, चार शब्द गोड बोललात, की शेवटी माझ्या तोंडातनं निघणार ते. मला अडवता यायचं न्हाई. आमेन म्हणून जाईन मी, कशाला म्हणते ते कळायच्या आत म्हणून जाईन. आन् आत ती जागी झालीय, बाज वाजली आत्ता. तिच्या कानावर माझा आमेन जायला नको.

उठा. चपला तिकडं हायेत, पायरीपाशी.